एक पेटी, तीन टीव्ही

घरात दुसरा टीव्ही आला की भांडणं मिटतात, हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं तो माणूस बहुधा एकटा राहत असावा. दुसऱ्या टीव्हीने भांडण मिटत नाही. त्याला बसायला आणखी एक खोली मिळते. तिसरा टीव्ही आला की ते स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. आणि या तिन्ही टीव्हींना मिळून एकच एचडी रेकॉर्डर असला, तर आजचं भांडण साठवून उद्या सावकाश करायचीही सोय होते.

पूर्वी हिशेब उलटा होता. टीव्ही एक आणि बघणारे पन्नास. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि चाळीत ज्याच्याकडे टीव्ही होता त्याचं घर शनिवारी मराठी चित्रपटासाठी आणि रविवारी हिंदी चित्रपटासाठी सार्वजनिक झालं. घरमालक स्वतः उंबऱ्यावर बसून आपलाच टीव्ही दुसऱ्याच्या खांद्यावरून बघायचा. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमाराला रंगीत चित्र आलं, मागोमाग व्हीसीआर आले. गणेशोत्सवात मंडळाची पोरं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायची आणि एका रात्रीत तीन सिनेमे संपवायची. आख्ख्या आळीत मिळून एक यंत्र. तरी वाद एवढाच, की अमिताभचा आधी लावायचा की शेवटी. झोप येणारे म्हणायचे आधी, न येणारे म्हणायचे शेवटी.

मग केबल आली आणि मध्यमवर्गाच्या आयुष्यात एक छोटंसं सुवर्णयुग अवतरलं. केबलवाला गच्चीवरून एक काळी तार खिडकीतून आत सोडायचा. त्या तारेला किरकोळ किमतीचा स्प्लिटर लावला की दुसरा टीव्ही फुकटात चालायचा, आणि तोही स्वतंत्र. हॉलमध्ये बातम्या, बेडरूममध्ये गाणी. कारण त्या तारेतून सगळ्या वाहिन्या एकदम यायच्या आणि त्यातली कोणती घ्यायची हे ज्याचा त्याचा टीव्ही ठरवायचा. दुसरा टीव्ही केबलवाल्याला कळू नये म्हणून तो बिल घ्यायला आला की बेडरूमचं दार लोटून घ्यायचं, एवढीच काय ती मेहनत. केबलवाल्यालाही ते माहीत असायचं. तो पावती फाडता फाडता म्हणायचा, "काका, आतला आवाज जरा कमी करा, ऐकू येत नाही." आणि सभ्यपणे निघून जायचा.

हे सुवर्णयुग सरकारी आदेशाने संपलं. केबल डिजिटल करायची मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ला संपली, पुण्यासारख्या शहरांची ३१ मार्च २०१३ ला. त्यानंतर पेटीशिवाय चित्र नाही. डिजिटल पेटी एका वेळी एक वाहिनी उलगडते आणि तेच चित्र बाहेर सोडते. बाहेर किती टीव्ही ताटकळत बसलेत, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. एक टीव्ही, एक पेटी, असा नवा कायदा झाला. मराठी माणसाने तो ऐकून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी स्प्लिटर शोधायला बाहेर पडला.

आमचं घर या बाबतीत जरा पुढे होतं. आमच्याकडे नुसती पेटी नव्हती, रेकॉर्ड करणारी होती. अमेरिकेत टिव्हो हे यंत्र १९९९ साली आलं. आपल्याकडे टाटा स्कायने २००८ मध्ये रेकॉर्ड करणारी पेटी आणली, आणि पुढे तिची एचडी बहीणही आली. कॅसेट नाही, रिवाइंडचा घरघराट नाही. पेटीच्या पोटात हार्ड डिस्क. चालू सामना थांबवा, जेवून या, थांबवला तिथून पुढे बघा. ही जाहिरात बघून आमच्या घरातल्या प्रत्येकाने मनात एकच चित्र रंगवलं, की मी थांबवतो आहे आणि बाकीचे थांबले आहेत.

पेटी घरात आली तेव्हा टीव्ही तीन होते. हॉलमधला मोठा, आईनानांच्या खोलीतला जुना डबा आणि ओट्याशेजारचा छोटा, ज्याच्यावर मेधा, म्हणजे आमची सौभाग्यवती, स्वयंपाक करताना स्वयंपाकाचे कार्यक्रम बघायची. आणि आमचे नाना महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. घरात कुठलीही वस्तू आली की ती कोणाच्या नावावर, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. पेटीकडे बघून त्यांनी निर्णय दिला, "एवढे पैसे मोजलेत, तेव्हा पेटी सामाईक राहील. पोटहिस्से पाडायचे नाहीत."

इथून पुढचं सगळं त्या एका वाक्यातून झालं.

सामाईक पेटी तीन खोल्यांत नेण्याचा पहिला उपाय अगदी साधा होता. पेटीला मागे एचडीएमआयचं भोक असतं आणि त्याच्या शेजारी पिवळं-पांढरं-लाल असं एक जुनं त्रिकूटही असतं. एचडीएमआय हॉलला, त्रिकूट बेडरूमला. तार दाराच्या चौकटीवरून, खिळे ठोकत. चित्र दोन्हीकडे आलं, पण पिवळ्या तारेतून एचडी जात नाही. शिवाय रुंद पडद्यासाठी बेतलेलं चित्र जुन्या चौकोनी डब्यात शिरलं की ते दोन्ही बाजूंनी दाबलं जातं आणि माणसं उंच आणि रोड दिसतात. आई आठवडाभर तिची मालिका त्या डब्यावर बघत होती. एकदा रात्री जेवताना ती गंभीरपणे म्हणाली, "त्या सुनेला आता टीबी दाखवणार बहुतेक. बघवत नाही तिच्याकडे." तीच सून हॉलमध्ये त्याच वेळी चांगली बाळसेदार होती. आईला हॉलमध्ये आणून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे बरी होणार आहे. बरं झालं, आता रडारड कमी होईल."

दुसरा उपाय एचडीचा. नवा सपाट टीव्ही बेडरूममध्ये आला आणि चिरंजीव ओंकारबरोबर मी तापकीर गल्लीत गेलो. पुण्यात विजेवर चालणारी कुठलीही अडचण शेवटी बुधवार पेठेतल्या या गल्लीत येऊन उभी राहते. दुकानदाराने काउंटरखालून एचडीएमआय स्प्लिटर काढला. एक आत, दोन बाहेर. मी विचारलं, "चालेल ना?" तो म्हणाला, "साहेब, चालतो. नाही चालला तर चालवून घ्या." पुणेरी दुकानातली ही सर्वांत लांब वॉरंटी.

एचडीएमआय ही एकोणीस पिनांची आणि फार संशयी स्वभावाची तार आहे. चित्र सोडण्याआधी पेटी समोरच्या टीव्हीची ओळख विचारते, दोघांमध्ये किल्ल्यांची देवाणघेवाण होते आणि खात्री पटली की मगच पडदा उजळतो. एचडीसीपी नावाचा हा बंदोबस्त चित्राची चोरी होऊ नये म्हणून असतो. मध्ये स्प्लिटर आला की पेटीला दोन-दोन टीव्हींची ओळख पटवून घ्यावी लागते. हॉलचा टीव्ही चालू असताना बेडरूमचा लावला की ही चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची आणि हॉल काळाठिक्कर पडायचा. काही सेकंदच, पण क्रिकेटमध्ये विकेट काही सेकंदांतच पडते. नाना अंधाराकडे बघत ओरडायचे, "आत कोण आलं?" आणि आतून आई ओरडायची, "मी आले! माझ्याच खोलीत!"

यापेक्षा मोठी गंमत पुढे कळली. हॉलचा टीव्ही १०८० ओळींचा, बेडरूमचा ७२० चा. असले बरेच स्प्लिटर दोन्ही टीव्हींना झेपेल तेवढंच चित्र मागून घेतात, म्हणजे कमी झेपणाऱ्याला जेवढं झेपेल तेवढं. बेडरूमचा टीव्ही लागला की हॉलचा मोठा टीव्हीही गुपचूप ७२० वर यायचा. मोठ्या भावाने लहान भावाच्या चालीने चालायचं, हे एकत्र कुटुंबाचं तत्त्व चिनी कारखान्यात बनलेल्या एका डबीत कोणी घातलं असेल, याचं मला आजही कौतुक वाटतं. ओंकारला वाटत नव्हतं. तो पडद्याला नाक लावून म्हणायचा, "आजी, तू टीव्ही बंद कर ना, गवत धूसर दिसतंय." आजी म्हणायची, "सामना बघतोस की चारा?"

बेडरूममधून सुटलेलं पिवळं-पांढरं-लाल त्रिकूट स्वयंपाकघराला गेलं. आता चित्र तर सगळीकडे पोचलं. उरला रिमोट. रिमोटचा किरण डोळ्याला दिसत नाही आणि भिंतीतून जात नाही. पेटी हॉलमध्ये, आई बेडरूममध्ये. वाहिनी बदलायला प्रत्येक वेळी बाहेर यायचं, तर दुसऱ्या टीव्हीचा उपयोग काय? त्यावरही उपाय मिळतो. बेडरूममध्ये एक इवलासा डोळा चिकटवायचा, त्याची तार हॉलपर्यंत आणायची आणि तिच्या टोकाचा दिवा पेटीच्या तोंडासमोर डकवायचा. बेडरूममध्ये बटण दाबलं की हॉलमधल्या पेटीला कळतं. ओंकारने हे एका दुपारी बसवलं. एक डोळा आईच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. बाजारातून आणखी दोन रिमोट आणले. आणि त्या संध्याकाळी आमच्या घरात एका पेटीला तीन मालक झाले.

रात्रीचे आठ. हॉलमध्ये नानांचा ट्वेंटी-ट्वेंटी. अचानक पडद्यावर हळदीचा समारंभ. नानांनी रिमोट दाबला, सामना परत. तिकडे बेडरूममध्ये मुंडावळ्या बांधता बांधता नवऱ्याच्या जागी यष्टिरक्षक. आईने रिमोट दाबला. हॉलमध्ये हळद. नानांनी रिमोट दाबला. दोघांनाही वाटत होतं की पेटी बिघडली आहे, कारण आपण एकटेच रिमोट चालवतो याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती. मध्येच मेधाने ओट्यापाशी आवाज वाढवला, तेव्हा नाना सोफ्यावरून पडता पडता वाचले.

कंपनीला फोन गेला. निळा शर्ट घातलेला एक मुलगा आला. त्याने तारा बघितल्या, पेटी बंद करून चालू केली आणि सोफ्यावर बसून शांतपणे पडद्याकडे बघत राहिला. वाहिनी आपोआप बदलली. त्याने बदलली. ती परत बदलली. मग तो उठला, भिंतीवरच्या तारेवर बोट ठेवून चालत चालत बेडरूमच्या दारापर्यंत गेला, आत डोकावला आणि परत येऊन हळूच म्हणाला, "काका, बिघाड आत बसलाय."

आईने ते ऐकलं. त्या मुलाला चहा मिळाला नाही.

तांत्रिक मुद्दा असा, की स्प्लिटर चित्राच्या प्रती काढतो, पण पेटी एकच राहते. तीन टीव्ही म्हणजे एकाच खिडकीवरचे तीन पडदे. एकाने थांबवलं की तिन्हीकडे थांबतं. नाना फोन आला की सामना थांबवायचे, आणि तेव्हा स्वयंपाकघरात कढई तापलेली असताना "आता लगेच यात घाला" एवढं बोलून शेफ बाई तोंड उघडं ठेवून गोठायची. काय घालायचं ते नानांचा फोन संपल्यावर कळायचं. निवृत्त अव्वल कारकुनाचा फोन म्हणजे साधारण चार कांदे जळण्याइतका.

अशा वेळी शहाण्या घरात रेकॉर्डिंगचा आसरा घेतात. जी मालिका आठला बघता येत नाही ती रेकॉर्ड करा आणि दहाला बघा. टीव्हीवरचा कार्यक्रम घरी आपल्या सोयीने बघण्यासाठी रेकॉर्ड करणं गुन्हा आहे का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. हॉलिवूडचे स्टुडिओ एका बाजूला, बीटामॅक्स बनवणारी सोनी दुसऱ्या बाजूला. १७ जानेवारी १९८४ ला निकाल लागला, पाच विरुद्ध चार. घरी रेकॉर्ड करायला हरकत नाही. घरी कोणी रेकॉर्ड करायचं, हा प्रश्न न्यायमूर्तींपुढे आलाच नाही. तो आला असता तर पाच विरुद्ध चारवर भागलं नसतं.

आमच्या पेटीत ट्यूनर दोन. म्हणजे गच्चीवरच्या डिशपासून दोन तारा खाली आलेल्या आणि एका वेळी दोन वाहिन्या रेकॉर्ड होणार. तिसरी मागितली की पडद्यावर नम्र सूचना: दोन रेकॉर्डिंग चालू आहेत, त्यातलं एक रद्द करायचं का? हो की नाही? हा प्रश्न त्या वेळी ज्याच्या हातात रिमोट असेल त्याला विचारला जातो. जगातल्या कुठल्याही न्यायव्यवस्थेत वादीलाच निकाल लिहायला सांगत नाहीत, पण पेटी सांगते. आठ वाजता आईची मालिका, नानांचा सामना आणि ओंकारचा फुटबॉल. तिघांपैकी जो शेवटी रिमोट धरी, त्याचं रेकॉर्डिंग वाचे.

त्यातून पेटी चालते वेळापत्रकावर. कार्यक्रम साडेआठला संपतो असं तिला सांगितलेलं असेल तर ती साडेआठला हात झटकून मोकळी होते. मालिकेचा महाएपिसोड जाहिरातींमुळे लांबला, तर सासूचा हात वर गेलेला असतो आणि रेकॉर्डिंग संपतं. थोबाडीत बसली की नाही? आई दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण बघून खात्री करून घ्यायची. मग रेकॉर्ड कशाला करायचं, असं विचारलं की म्हणायची, "पुनःप्रक्षेपण चुकलं तर?"

आणि मग डिस्क भरली.

डिस्क भरते हे आमच्या घरी कोणाला खरं वाटत नव्हतं. पाचशे जीबी हा आकडा ऐकूनच सगळे निर्धास्त झाले होते. पण एचडीला जागा फार लागते. सेकंदाला ८ मेगाबिट धरले तरी तासाला साडेतीन जीबीच्या वर. म्हणजे सगळी डिस्क मिळून एकशे चाळीस तासांच्या आसपास. आता हिशेब करा. कसोटीचा एक दिवस, लंच-टी धरून, सात तासांचा; पाच दिवसांचे पस्तीस. नानांची एक कसोटी अनिर्णित राहिली की चौथाई डिस्क गेली. आईची मालिका अर्ध्या तासाची, आठवड्याला सहा भाग. वर्षाला १५६ तास. एकच मालिका वर्षभर जपली तर डिस्क ओसंडून वाहते. आणि वर्षभरात त्या मालिकेत एक लग्न ठरून मोडलेलं असतं, एवढंच.

नानांनी वही काढली. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या जमिनी सांभाळल्या त्यांच्या पुढ्यात आता घरची पाचशे जीबी सामाईक जमीन होती. वहीच्या डाव्या पानावर कब्जेदाराचं नाव, उजव्या पानावर काय पेरलंय ते. शेवटी शेऱ्याचा रकाना. "मेधा: पाककृती, बावीस तास, पड." पड म्हणजे पडीक, बघितलेली नाही. मेधाचं म्हणणं, की रेकॉर्ड करून ठेवलं की करून बघितल्याचं समाधान मिळतं आणि तेल लागत नाही. नानांनी नोटीस काढली: पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर पड जमीन सामाईकात जमा. मेधाने हरकत घेतली, "नाना, तुमचा तो न्यूझीलंडचा दौरा तुम्ही तरी कुठे बघितलात? पहाटे रेकॉर्ड होतो आणि सकाळी पेपरात निकाल वाचता." नाना म्हणाले, "ती वहिवाट आहे."

आईने वेगळा मार्ग धरला. रेकॉर्डिंगवर एक बटण दाबलं की त्याला कुलूप लागतं आणि पेटी ते आपणहून पुसत नाही, हे तिला कळलं. तिने ते कोणालाही न सांगता वापरलं. काही दिवसांनी पेटी म्हणायला लागली की जागा नाही, आणि वहीप्रमाणे तर जागा होती. मोजणी झाली. हळद, सीमांतपूजन, लग्न, पाठवणी, मंगळागौर. सगळे महाएपिसोड कुलूपबंद. "हे अतिक्रमण आहे," नाना गरजले. आई म्हणाली, "मुलाच्या लग्नाची कॅसेट तुमच्या भावाने क्रिकेट टेप करायला वापरली, तेव्हा कुठे गेली होती तुमची मोजणी?"

या मुद्द्यावर नानांचं कार्यालय त्या दिवसापुरतं बंद झालं.

एकच रेकॉर्डिंग असं होतं ज्याला कोणी हात लावला नाही. नोव्हेंबर २०१३, वानखेडे, सचिनची शेवटची कसोटी आणि त्यानंतरचं भाषण. ती कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली. सगळा देश हळहळत असताना "चला, चौदा तास वाचले" असा हिशेब बहुधा आमच्याच घरात झाला असेल.

या सामाईकात एक परगावचा हिस्सेदारही होता. माझी ताई न्यू जर्सीला. तिने एका सुट्टीत येताना बॅगेतून स्लिंगबॉक्स आणला. २००५ साली निघालेलं हे यंत्र आपल्या घरच्या पेटीला जोडायचं, म्हणजे जगात कुठूनही इंटरनेटवर त्या पेटीचं चित्र दिसतं. दिसतं इतकंच नाही, तिथून वाहिनीही बदलता येते. आपल्याकडे रात्री आठला मालिका लागते तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा, घड्याळ उन्हाळ्याचं की हिवाळ्याचं त्यावर. ताई नाश्त्याला बसली की पुण्यात आमचा सामना जायचा. इतकी वर्षं माहेरी तिच्या हातात रिमोट कोणी दिला नव्हता. आता साता समुद्रापलीकडून तिने तो घेतला. नाना फोनवर ओरडायचे, "अगं, शेवटची ओव्हर आहे!" ती म्हणायची, "नाना, जाहिरात लागली की देते." ९ नोव्हेंबर २०२२ ला कंपनीने स्लिंगबॉक्सचे सर्व्हर कायमचे बंद केले. बहिणीचा घरातला हिस्सा इतक्या स्वच्छपणे कोणी सोडवून घेतला नसेल.

ताईच्या स्वतःच्या घरी मात्र ही भानगड नव्हती. अमेरिकेत डिश कंपनीने २०१२ मध्ये हॉपर नावाची पेटी काढली. तीन ट्यूनर, दोन टीबीची डिस्क आणि प्रत्येक खोलीतल्या टीव्हीला एक छोटी डबी, तिचं नाव जोई. कांगारू आणि त्याचं पिल्लू. इथे चित्राची प्रत निघत नाही. घरातल्या तारेवरून प्रत्येक डबी मोठ्या पेटीशी स्वतंत्र बोलते. एका खोलीत आजची मालिका, दुसऱ्या खोलीत कालचा सामना, तिसऱ्या खोलीत अर्धा राहिलेला सिनेमा, आणि डिस्क सगळ्यांची एकच. शास्त्रीयदृष्ट्या विचारलंत तर एक रेकॉर्डर अनेक टीव्हींना वाटण्याची हीच खरी पद्धत. आई तिकडे गेली तेव्हा जावयांनी मोठ्या हौसेने सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पुसतं कोण?" जावई म्हणाले, "कोणीही, कुठल्याही खोलीतून." आईने हात जोडले. तीन महिने ती तिथे राहिली, पण एकही मालिका तिने तिथे रेकॉर्डला लावली नाही.

सामाईक मालमत्तेची अडचण काय असते, ते त्या एका प्रश्नात आलं. चित्र कितीही खोल्यांत नेता येतं. त्याला तारा आहेत, डब्या आहेत, तापकीर गल्ली आहे. पण थांबवायचा, बदलायचा आणि पुसायचा अधिकार ज्याच्या हातात, पेटी त्याची. बाकीचे प्रेक्षक. लोकशाहीत मतदान गुप्त असतं, तसं तीन रिमोटांनी होईल अशी ओंकारची कल्पना होती. झालं ते संयुक्त सरकार.

शेवट पेटीनेच केला. एका पावसाळी रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि डिस्क उठली नाही. त्यातली रेकॉर्डिंगं कुलूपबंद भाषेत लिहिलेली. त्या पेटीशिवाय ती दुसरीकडे कुठेही वाचता येत नाहीत. निळ्या शर्टाचा मुलगा आला, पेटी काखोटीला मारली आणि नवी ठेवून गेला. पाच वर्षांची लग्नं, दौरे आणि पाककृती त्याच्याबरोबर लिफ्टने खाली गेल्या. नानांनी वहीत शेवटची नोंद केली: "मयत. वारस नोंद करण्याची तरतूद नाही." नव्या पेटीत मालिका लग्नाच्याच टप्प्यावर होती, त्यामुळे आईचं विशेष नुकसान झालं नाही.

आता ओंकार म्हणतो, रेकॉर्ड कशाला करायचं, सगळं ॲपवर मिळतं, ज्याचा त्याचा फोन. खरं आहे. फक्त ॲपवाल्यांनीही एका वेळी किती पडदे चालतील ते ठरवून दिलेलं असतं, आणि घरात माणसं त्याहून एकाने जास्तच असतात. रविवारी दुपारी "कोण बघतंय? बंद करा!" अशी हाक आमच्या घरात अजून येते. पूर्वी ती हॉलमधून यायची, आता कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, आणि न्यू जर्सीहून.

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या घरी अजून एक पेटी आणि अनेक टीव्ही नांदत आहेत त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे ओढू नका. चित्र वाटेत दमतं. स्प्लिटरला जोडायचे टीव्ही शक्यतो एकाच ताकदीचे घ्या. पावसाळ्यात विजा कडकडायला लागल्या की पेटीचा प्लग काढा. आणि दोन माणसांना एकाच वेळी दोन वेगळे कार्यक्रम बघायचे असतील, तर तारांचा नाद सोडून सरळ दुसरी पेटी घ्या. २०२० साली ट्रायने नियम केला होता, की घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी जोडणीचं शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. २०२४ मध्ये असल्या मर्यादा काढून दर कंपन्यांवर सोपवले आहेत, त्यामुळे घासाघीस करून बघा. काहीही पडलं तरी घरातल्या शांततेच्या बाजारभावापेक्षा ते कमीच असेल.

पाचवी गोष्ट कंपनीच्या माहितीपुस्तिकेत छापलेली नसते, म्हणून इथे देतो. डिस्कवरचं काहीही पुसण्याआधी घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंना विचारा.